रोजच्या वापराला पोर्शे ९११ कॅरेरा: आधी बेसमेंटचा रॅम्प मोजा, मग इंजिनाचं बघू

रोज ऑफिसला नेता येईल अशी स्पोर्ट्स कार म्हटलं की पहिलं नाव पोर्शे ९११चं निघतं. नाव बरोबर आहे. मात्र पुण्या-मुंबईत ही गाडी रोज सुखाने चालेल की महिन्यातून दोनदा पोटावर घासेल, हे सोसायटीचा रॅम्प, चाकांचा आकार आणि ऑर्डर फॉर्मवर कुठे टिक केली यावर ठरतं. इथे ९९२ पिढीची (९११ च्या २०१९ पासूनच्या पिढीचा पोर्शेचा क्रमांक) मागच्या चाकांवर चालणारी कूपे, म्हणजे दोन दारांची, बंद छताची गाडी धरली आहे, मुख्यतः साधी कॅरेरा. २०१९ नंतरच्या गाड्यांना ३८५ पीएस (अश्वशक्ती), २०२४ च्या सुधारित गाडीला ३९४ पीएस. दोन्हीत २९८१ सीसीचं, दोन टर्बोंचं, सहा सिलिंडर आडवे झोपवलेलं इंजिन, टॉर्क ४५० न्यूटन मीटर आणि आठ गिअरचा पीडीके, म्हणजे पोर्शेचा दोन क्लचचा ऑटोमॅटिक गिअरबॉक्स.

कॅरेरा एस घ्यावी का, हा प्रश्न शोरूममध्ये हमखास येतो. पहिल्या ९९२ मध्ये एसला ४५० पीएस होते, म्हणजे ६५ जास्त. एक्स्प्रेसवेची मर्यादा ताशी १००, अटल सेतूवरही १००, मुंबईच्या कोस्टल रोडवर ८०. साध्या कॅरेराचा दुसरा गिअर संपता संपता ही मर्यादा येऊन उभी राहते. जास्तीचे ६५ पीएस वापरायला जागा कुठे आहे? उलट एसबरोबर जे आपसूक पदरात पडतं ते रोज जाणवतं: मोठी चाकं.

इथे जरा आकडेमोड करायला हवी. साध्या कॅरेराला पुढे २३५/४० झेडआर १९ आणि मागे २९५/३५ झेडआर २० असे टायर येतात. एसला पुढे २४५/३५ झेडआर २० आणि मागे ३०५/३० झेडआर २१. तिरक्या रेषेनंतरचा आकडा म्हणजे टायरच्या रुंदीच्या किती टक्के उंचीची रबरी भिंत रिमभोवती आहे ते. साध्या गाडीत पुढची भिंत ९४ मिमी आणि मागची १०३ मिमी. एसमध्ये पुढे ८६ आणि मागे ९१.५. पुढे ८ मिमी आणि मागे जवळजवळ १२ मिमी रबर कमी. कागदावर किरकोळ वाटतं. पण धारदार कडेच्या खड्ड्यात चाक आपटलं की याच रबराला दबून धक्का खायचा असतो. रबर कमी पडलं की रस्त्याची कड आणि रिमची कड यांच्यात साइडवॉल चिमटली जाते, आतले धागे तुटतात आणि बाहेर लिंबाएवढा फुगा दिसतो. त्या टायरला दुरुस्ती नाही, तो बदलायचाच. रिमची आतली कड वाकली असेल तर बाहेरून पत्ताही लागत नाही. ८० च्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं की कळतं, आणि तोवर दोन वेळा बॅलन्सिंगचे पैसे गेलेले असतात. म्हणून १९ आणि २० इंची चाकं तशीच राहू द्या. दिसायला २०/२१ भारी आहेत, कबूल.

पुढचे आणि मागचे टायर वेगळ्या मापाचे, त्यामुळे अदलाबदल करून झीज सारखी करण्याची सोय नाही. जोर मागच्या चाकांवर, इंजिनाचं वजनही मागे, त्यामुळे मागची जोडी आधी संपते. शहर आणि हायवे मिळून मागचे १२ ते १८ हजार किमी गेले तर ठीक म्हणायचं. बदलताना साइडवॉलवर एन आणि पुढे आकडा असलेले, म्हणजे पोर्शेने मंजूर केलेले टायर घ्या आणि एका अ‍ॅक्सलवर दोन्ही एकाच आकड्याचे ठेवा. ही मापं कोपऱ्यावरच्या दुकानात पडून नसतात. फुगा आल्यावर गाडी आठवडाभर उभी ठेवायची नसेल तर मागची जोडी ३ मिमीवर आली की ऑर्डर देऊन ठेवा. कायद्याची मर्यादा १.६ मिमी आहे, पण पावसाळ्यात २९५ रुंदीचा टायर १.६ पर्यंत नेणं म्हणजे पाण्यावर फळी टाकून तिच्यावर उभं राहणं.

हवेचा दाब सकाळी, गाडी थंड असताना तपासायचा. स्क्रीनवर टायरच्या मेन्यूत स्टँडर्ड आणि कम्फर्ट असे दोन पर्याय असतात. शहरात कम्फर्ट निवडा आणि त्या तक्त्याप्रमाणे हवा भरा. खड्ड्यांचा टणत्कार बराच मऊ होतो. नुसता मेन्यू बदलून हवा तशीच ठेवली तर गाडी उगाच इशारे देत राहते.

स्टेपनी नाही. पुढच्या डिकीत सीलंटची बाटली आणि छोटा कंप्रेसर असतो. खिळा टायरच्या मधल्या पट्ट्यात असेल तर सीलंट ओतू नका. त्याची चिकट खळ आतल्या प्रेशर सेन्सरवर बसते आणि पंक्चर काढणाऱ्यालाही आधी तीच साफ करावी लागते. खिळा तसाच ठेवून कंप्रेसरने हवा भरा आणि हळूहळू दुकान गाठा. रस्त्यावर तात्पुरती स्ट्रिप चालेल, पण नंतर टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावून घ्या. साइडवॉलला भोक असेल तर दोन्ही विसरा. चाक काढायची वेळ आली तर दुकानदाराला तीन गोष्टी आधी सांगा. जॅक फक्त उंबऱ्याखालच्या ठरलेल्या जागी आणि मध्ये रबरी ठोकळा ठेवून. बोल्ट हवेच्या गनने आवळायचे नाहीत, टॉर्क रेंचने १६० न्यूटन मीटर. आणि कॅलिपर, म्हणजे ब्रेकची डिस्क पकडणारे चिमटे, पिवळे असतील, म्हणजे सिरॅमिक ब्रेक असतील, तर आधी एक बोल्ट काढून त्या जागी टूलकिटमधली गाइड पिन लावायची, कारण चाक घसरून डिस्कच्या कडेवर आपटलं तर डिस्कचा टवका उडतो. त्या एका डिस्कच्या पैशात लहान गाडी येईल. रोजच्या गाडीला सिरॅमिक ब्रेक घेऊच नयेत. साधे लोखंडी डिस्क शहरात तसूभरही कमी पडत नाहीत.

आता लिफ्ट. गाडीचं नाक वर उचलणारी इलेक्ट्रो-हायड्रॉलिक यंत्रणा ऑर्डर करताना जास्तीचे पैसे देऊन घ्यावी लागते. नंतर बाहेरून बसवण्याचा विचार करू नका, पुढचे सस्पेन्शन स्ट्रट, पंप, पाइप, वायरिंग सगळंच वेगळं असतं. बटण दाबलं की साधारण ५ सेकंदांत बंपरची कड सुमारे ४० मिमी वर जाते आणि ताशी ३५ किमीपर्यंतच ही सोय वापरता येते. २०२१ च्या मॉडेलपासून जागा लक्षात ठेवण्याची सोयही आली: एकदा गेटपाशी नाक उचलून ठिकाण साठवलं की पुढच्या वेळी तिथे गाडी स्वतःहून उचलते. बेसमेंटमध्ये मात्र जीपीएस पोचत नाही. म्हणून खाली जाण्याआधी वरच, उघड्यावर ठिकाण साठवायचं. खालून वर येताना बटण हातानेच दाबायचं, आणि नेमकं तेच विसरतं.

लिफ्टबद्दल एक गैरसमज सर्रास आढळतो. ४० मिमी ही उंची नाकाची. मागचा अ‍ॅक्सल जागचा हलत नाही, त्यामुळे दोन चाकांच्या मधोमध पोट जेमतेम २० मिमी उचललं जातं. रॅम्पच्या तळाशी, जिथे उतार संपून सपाटी सुरू होते, तिथे नाक टेकतं आणि लिफ्ट तिथे पूर्ण कामाची. रॅम्पच्या माथ्यावर आणि स्पीडब्रेकरवर पोट टेकतं, तिथे ती अर्ध्याच कामाची. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाचा स्पीडब्रेकर ३.७ मीटर रुंद आणि १० सेंमी उंच असतो. ९११ चा व्हीलबेस, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकांमधलं अंतर, २.४५ मीटर. म्हणजे पुढची चाकं अजून उतरतीवर असतानाच मागची चढायला लागलेली असतात, अख्खी गाडी त्या उंचवट्यावर मावते आणि अलगद पार होते. त्रास आहे तो सोसायटीने स्वतःच्या हाताने घातलेल्या, हातभर रुंदीच्या सिमेंटच्या उंचवट्यांचा. तिथे दोन्ही चाकं सपाटीवर आणि ब्रेकर नेमका पोटाखाली. अशा ठिकाणी लिफ्ट उचला आणि गाडी शक्य तितकी तिरकी घ्या, म्हणजे एका वेळी एकच चाक चढेल आणि दुसऱ्या बाजूची चाकं पोटाला आधार देतील. ब्रेक दाबत उतरू नका. ब्रेक मारला की नाक खाली वाकतं आणि कमावलेले ४० मिमी तिथेच जातात. आधी वेग कमी करा, मग ब्रेक सोडून गाडी रांगू द्या.

घासलं तर काय जातं? सर्वात आधी बंपरखालची काळी प्लॅस्टिकची पट्टी. ती खालून स्क्रूने बसवलेली असते आणि घासण्यासाठीच आहे असं धरून चाला. त्यानंतर पोटाखालची प्लॅस्टिकची आवरणं. त्यांचा एखादा स्क्रू निघून पडला की ६०–७० च्या वेगाला खालून फडफड ऐकू येते. हे आवरण लोंबकळत ठेवून एक्स्प्रेसवेला जाऊ नका, हवेच्या जोराने ते अख्खं उपटतं. दर सर्व्हिसिंगला गाडी वर्कशॉपच्या लिफ्टवर असताना खालचे सगळे स्क्रू मोजून घेतलेले बरे. १० मिमी खाली बसवणारं स्पोर्ट सस्पेन्शन यादीत दिसलं तर पान उलटा.

पीडीकेला ट्रॅफिकचं वावडं नाही, पण त्याला टॉर्क कन्व्हर्टर, म्हणजे नेहमीच्या ऑटोमॅटिकमधली तेलातून जोर पोचवणारी रचना, समजू नये. आत दोन क्लच आहेत आणि गाडी रांगते तेव्हा त्यातला एक घसरत असतो. पुढच्या गाडीच्या मागे वीत-वीत सरकत राहिलं की तेल तापतं. दोन गाड्यांएवढं अंतर पडू द्या, मग ब्रेक पूर्ण सोडून एकदम पुढे जा. चढावर नुसत्या अ‍ॅक्सिलरेटरवर गाडी तोलून धरणं सर्वात वाईट. क्लच तापल्यावर गाडी मुद्दाम धक्के देते, आणि त्यातून न समजल्यास स्क्रीनवर इशारा येतो. तेव्हा बाजूला घेऊन, इंजिन चालू ठेवून न्यूट्रलमध्ये थांबायचं. सिग्नलला आपोआप बंद होणारं इंजिन बटण दाबून चालू ठेवता येतं, मात्र गाडी सुरू केल्यावर दर वेळी ते दाबावं लागतं.

सकाळी थंड इंजिन सुरू केलं की पहिला अर्धा-एक मिनिट ते घुमतं, कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापवण्यासाठी. पहाटे बेसमेंटमध्ये हा आवाज दुप्पट होतो. शेजाऱ्यांशी संबंध टिकवायचे तर स्पोर्ट एक्झॉस्टचं बटण बंद ठेवूनच गाडी लावत जा. तेलाचं तापमान ८० अंशांवर जाईपर्यंत इंजिन ४००० च्या वर नेऊ नका. पाण्याचा काटा लवकर स्थिरावतो, तेल मागून येतं. पाच किमीच्या फेऱ्यांत तेल कधीच पुरतं तापत नाही, त्यात पेट्रोलचा आणि पाण्याचा अंश साचत राहतो. आठवड्यातून एकदा तरी गाडीला सलग ४० मिनिटं मोकळा रस्ता दाखवा. तेल बघायला डिपस्टिक नाही. सपाट जागी, गरम इंजिनावर, स्क्रीनवरच पातळी बघायची. भर घालायची तर अर्धा अर्धा लिटर, पुन्हा मोजून. जास्त भरलं तर काढून टाकणं हे वर्कशॉपचं काम होऊन बसतं.

पेट्रोल कमी ऑक्टेनचं भरू नये. किमान ९५, आणि मिळालं तर ९९ किंवा १००. कमी ऑक्टेनवर गाडी बंद पडत नाही, पेट्रोल अवेळी पेटलं की ते टिपणारा नॉक सेन्सर ठिणगीची वेळ मागे ओढतो, पिकअप मंदावतो आणि अ‍ॅव्हरेजही घसरतं. इथेनॉलचं प्रमाण हा ऑक्टेनहून निराळा मुद्दा. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला ई अक्षरापुढे जो आकडा छापलाय तो बघा, जुन्या गाडीत विशेष करून. शहरात लिटरला ५ ते ७ किमी, एक्स्प्रेसवेला मर्यादेत चालवली तर १० ते १२. मर्यादेत म्हणजे आठव्या गिअरमध्ये १०० ला इंजिन जेमतेम १५०० वर फिरत असतं. सातवा-आठवा गिअर पेट्रोल वाचवायलाच दिलेत, गाडी टॉप स्पीड सहाव्यातच गाठते. टाकी साधारण ६४ लिटरची, तेव्हा शहरात साडेतीनशे किमीच्या आत पंप गाठावा लागतो.

एक्स्प्रेसवेबद्दल एकच तक्रार, पण ती मोठी आहे. काँक्रीटवर मागचे रुंद टायर सतत घूं करतात आणि मागे इंजिन असलं तरी कानात भरतो तो टायरचाच आवाज. तासाभरात सवय होते म्हणतात. सवय होत नाही, गाण्याचा आवाज वाढवला जातो.

पावसाळ्यात मात्र ही गाडी चकित करते. पुढच्या चाकांच्या कमानीत आवाज टिपणारे सेन्सर आहेत. चाकाने उडवलेलं पाणी कमानीवर आपटतं तो सपकारा त्यांना ऐकू येतो आणि स्क्रीनवर वेट मोड घ्या अशी सूचना येते. मोड आपणहून बदलत नाही, तो तुम्ही फिरवायचा. मग अ‍ॅक्सिलरेटर सौम्य होतो, स्थैर्य सांभाळणारी यंत्रणा लवकर हात घालते, ताशी ९० च्या पुढे मागचा स्पॉयलर जास्त दाब देणाऱ्या स्थितीत जातो. खंडाळ्याच्या उतारावर धो धो पावसात याचा उपयोग कळतो. पण सूचना येते ती रस्ता ओला झाल्यावर. पुढे पुलाखाली साचलेलं डबकं तिला दिसत नाही, आणि रुंद टायर पाण्यावर तरंगायला लागले की कुठलाही मोड मदतीला येत नाही.

साचलेलं पाणी रिमच्या खालच्या कडेपर्यंत असेल तर सावकाश जा, त्याहून वर असेल तर परत फिरा. इन्शुरन्स घेताना झीरो डेप्रिसिएशनबरोबर इंजिन प्रोटेक्शन आणि टायरचं कव्हर ही दोन्ही जोडून घ्या. इंजिनात पाणी शिरून कनेक्टिंग रॉड वाकला तर साधी पॉलिसी तो खर्च देत नाही, आणि पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा स्टार्टर मारून बघितली तर कव्हर असूनही वाद होतो.

पार्किंगवर गुलमोहर असेल तर जागा बदलून मागा. ९९२ मध्ये टर्बोची हवा थंड करणारे इंटरकूलर इंजिनाच्या वर, मागच्या उभ्या पट्ट्यांच्या जाळीखाली आहेत. आंब्या-फणसाचं पान त्या फटींवर अडकतं, ते हाताने उचलून टाकता येतं. गुलमोहराचं पान तांदळाच्या दाण्याएवढं, थेट आत जातं, पहिल्या पावसात भिजून इंटरकूलरच्या पात्यांत लगदा होऊन बसतं. आठवड्यातून एकदा घरच्या व्हॅक्यूम क्लीनरची नळी त्या फटींवरून फिरवा, पाण्याचा प्रेशर मारू नका. असाच कचरा पुढेही साठतो. बंपरच्या दोन्ही कोपऱ्यांत रेडिएटर आणि त्याच्यापुढे एसीचा कंडेन्सर आहे. तोंड उघडं असल्याने पानं, गुटख्याच्या पुड्या, पिशव्या सगळं आत खेचलं जातं. ओला कचरा तिथेच राहिला की कंडेन्सरचं अ‍ॅल्युमिनियम गंजतं, गॅस गळतो, आणि मे महिन्यात एसी गरम हवा फेकायला लागला की कारण कळतं. वर्षातून एकदा, पावसाळ्यानंतर, बंपर उतरवून ही जागा साफ करून घ्या, किंवा तोंडावर बारीक जाळी बसवा.

सामानाचं थोडक्यात. पुढची डिकी सुमारे १३२ लिटरची, उथळ नाही तर खोल चौकोनी हौदासारखी. विमानात हातात नेतो त्या मापाच्या दोन बॅगा राहतात. मागच्या सीटवर मोठं माणूस बसत नाही, पाठ पाडली की सुमारे २६४ लिटरचा माळा मिळतो आणि भाजी-किराण्याला तोच सोयीचा. सुधारित कूपेत मागच्या सीट ऑर्डर करतानाच मागून घ्या. पोर्शेच्या यादीत ती मुळात दोन सीटची गाडी आहे आणि मागच्या सीटला जास्तीचे पैसे नाहीत.

दोन आठवड्यांहून जास्त उभी राहणार असेल तर बॅटरी मेंटेनरवर, म्हणजे ती भरलेली राखणाऱ्या छोट्या चार्जरवर, ठेवा. बॅटरी पुरती बसली की पुढच्या डिकीचं कुलूप उघडत नाही, कारण तेही विजेवर, आणि बॅटरी त्याच डिकीत. यावर उपाय आहे. किल्लीच्या आतली लोखंडी किल्ली काढून दार उघडा, पायाशी असलेल्या फ्यूज बॉक्समधून लाल टोक बाहेर ओढा, त्याला दुसऱ्या बॅटरीचं धन टोक लावा, ऋण टोक दाराच्या बिजागरीला. मग रिमोटवरचं डिकीचं बटण दाबा. या टोकावरून फक्त कुलूप उघडायचं, इंजिन सुरू करायचा प्रयत्न करायचा नाही. डिकी उघडली की पुढचं काम खऱ्या टर्मिनलवर. दारातला वॉचमन तोवर अलार्म ऐकून आलेला असेल.

मेकॅनिकल पार्किंग असलेल्या इमारतीत राहत असाल तर बुकिंगआधी एक टेप घेऊन खाली जा. गाडीची रुंदी १८५२ मिमी, ती आरशांशिवाय. पॅलेटच्या, म्हणजे गाडी जिच्यावर उभी राहते त्या लोखंडी फळीच्या, दोन्ही बाजूंना जी उभी लोखंडी कड असते, तिच्यातलं आतलं अंतर मोजा आणि मागच्या टायरच्या बाहेरच्या कडांमधलं अंतर शोरूमच्या गाडीवर मोजा. ९११ मागून रुंद आहे, म्हणून पुढची चाकं आत गेली म्हणजे मागची जातीलच असं नाही. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं सुटत नसतील तर रिम रोज त्या कडेला घासणार. दार उघडून माणूस बाहेर कसा पडणार तेही तिथेच बघून घ्या. कूपेचं दार लांब असतं, आणि शेजारच्या खांबाला ते माहीत नसतं.